एकसारखे नकाशे

माझ्या चष्म्याचा नंबर उणे सात आहे. भिवंडीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी वीसेक वर्षं नोकरी केली, आणि त्यातली बरीचशी चष्मा घालवायला आलेल्या लोकांना तपासण्यात गेली. पेशंट खुर्चीत बसायचा, मशिनच्या टेकूवर हनुवटी ठेवायचा आणि मध्येच मान वर करून माझ्या जाड काचांकडे बघायचा. बहुतेक जण गप्प राहायचे. काही जण विचारायचेच, की मॅडम, लेझर एवढं चांगलं आहे तर तुम्ही का नाही केलंत? मी सांगायचे की माझे डोळे कोरडे आहेत. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. नवं मशिन आलं तेव्हा हात बसावा म्हणून मी पहिली तपासणी स्वतःचीच करून घेतली होती. आमच्या डॉक्टरांनी, म्हणजे सरांनी, रिपोर्ट बघून सांगितलं होतं की थोडे दिवस थेंब घाला, तुमचं करता येईल. मी हो म्हटलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

मी डॉक्टर नव्हे, ऑप्टोमेट्रिस्ट. लोकांच्या भाषेत नंबर काढणाऱ्या मॅडम. लेझर करायचं की नाही हे सर ठरवायचे, पण ज्याच्यावरून ठरवायचं ती सगळी मोजमापं माझ्या हातून जायची. बाहेरच्यांना वाटतं की चष्म्याचा नंबर किती आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. तसं नसतं. डोळ्याच्या बाहुलीपुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. लेझर तो पडदा आतून किंचित तासून त्याचा आकार बदलतं, म्हणजे चष्म्याच्या काचेचं काम पडदाच करू लागतो. तासायचं म्हटल्यावर मुळात तो पुरेसा जाड हवा, घट्ट हवा, त्याचा बाक सारखा हवा. नंबर वर्षभर तरी हललेला नसावा. डोळ्यात ओल हवी. बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर थांबायचं. अशी एकेक चाळणी लावत जायचं. आमचा अर्धा वेळ ऑपरेशन का करू नये याची कारणं शोधण्यात जायचा, आणि पेशंटना वाटायचं की ही बाई आपल्या वाईटावरच आहे.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. निजामपुऱ्यातले एक सुताचे दलाल आले होते. त्यांना लांबचं लख्ख दिसायचं, फक्त बिलं वाचायला चष्मा लागायचा आणि तो त्यांना घालवायचा होता. मी समजावलं की चाळिशीनंतर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठ होतं, तुम्ही म्हणता तसा हा चष्मा या लेझरने जात नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मतलब बुढ़ापे का लेज़र अभी निकला नहीं." निघेल तेव्हा फोन करा म्हणून कार्ड ठेवून गेले. दुसऱ्या एका आईला मुलीचं ऑपरेशन रविवारच्या आत हवं होतं, कारण रविवारी पाहुणे बघायला येणार होते. अशांना नाही म्हणणं सोपं असायचं. पण ज्यांच्या बाबतीत हो आणि नाही यांच्यामधली जागा सापडायची नाही, ते लोक मनात राहिले. त्यातही कशेळीच्या दोन बहिणी.

त्यांचे वडील बाळारामशेठ. खाडीकाठची शेती गेली, तिथे गोदामं उभी राहिली आणि शेठ गोदामवाले झाले, पण बोलणं आणि वागणं शेतकऱ्याचंच राहिलं. दोघी जुळ्या, एका नाकाडोळ्यांच्या, तेव्हा तेविशीच्या. जान्हवी कबड्डी खेळायची. चष्मा घालून खेळता येत नाही म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स लावायची, आणि मैदानावरची धूळ डोळ्यात गेली की डोळे चोळत बसायची. जिल्ह्याच्या संघाची निवड जवळ आली होती आणि तिला लेन्सची कटकट कायमची संपवायची होती. वैष्णवी एका गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची, चष्मा लावायची आणि तिची काही तक्रार दिसली नाही. तुलाही करायचंय का, असं विचारलं तर तिने वडिलांकडे पाहिलं.

शेठच बोलले, "मॅडम, दोघी एका दिवशी झाल्या. एकीला पैंजन केला तर दुसरीला केला. आता यो पन दोघींचा एकदमच व्हवाला पायजे."

मी दोघींची तपासणी केली. आमचं मशिन डोळ्याच्या पडद्याचा रंगीत नकाशा काढतं, जमिनीचा चढउतार दाखवतात तसा. सपाट भाग हिरवा-निळा, उंचवटा पिवळा, फार उंचवटा लाल. वैष्णवीचा नकाशा हिरवागार आला. जान्हवीच्या उजव्या डोळ्यात मात्र खालच्या बाजूला तांबूस ठिपका दिसला. माझी पहिली समजूत अशी की मीच काहीतरी गोंधळ केला. पुन्हा काढला, तसाच आला. मग विचारलं की लेन्स कधीपासून बंद आहेत? लेन्स सतत लावल्याने पडद्याचा आकार तात्पुरता बिघडतो, म्हणून तपासणीआधी त्या काही दिवस काढून ठेवायला सांगतात. दोन आठवडे झाले, असं ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने म्हणाली की मध्ये एक सामना झाला. सरांनी सांगितलं, आता महिनाभर चष्माच वापर, मग या.

महिन्याने त्या आल्या तेव्हा दोघींना चष्मा होता. एरवी चष्मेवाली वैष्णवी आणि बिनचष्म्याची जान्हवी हा हिशेब सोपा होता. आता मला काही कळेना. आमच्या रिसेप्शनवरच्या बाई दोघींना एकाच नावाने हाक मारत होत्या. शेठ त्यांना सोडून गाडी लावायला गेले होते. नकाशा काढायची खोली अंधारी असते, तिथे एका वेळी एकच पेशंट असतो. पहिली आली, मी नाव विचारलं, जान्हवी म्हणाली. ठिपका नव्हता. दोन्ही डोळे हिरवे. मला इतका आनंद झाला की तो नकाशा घेऊन मी सरांच्या खोलीत गेले. मग दुसरी आली, वैष्णवी. तीही हिरवी. सरांनी दोन्ही पाहिले, लेन्समुळेच असेल म्हणाले, पण त्यांनी तारीख दिली नाही. बाकीच्या तपासण्या होऊ द्या म्हणाले. शेठनी जाताना रिसेप्शनवर पेढे ठेवले.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी दोघींचे नकाशे कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावले. दोन्ही एकसारखे होते. नुसते चांगले नाहीत, एकसारखे. तीच जाडी, बाकाचा तोच कल. मला वाटलं, मी एकाच मुलीची तपासणी दोन नावांनी सेव्ह केली. पण वेळा वेगळ्या होत्या, आणि मी दोघींना आत घेतलं होतं ते मला आठवत होतं. मग वाटलं, जुळ्यांचे डोळे असतीलही असे. सरांना विचारलं. त्यांनी दोन्ही नकाशे पुन्हा पाहिले. मग म्हणाले, "जुळ्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा वेगळे असतात. बाहुलीभोवतीचे फोटो बघा." मशिन डोळ्याचा फोटोही काढतं. दोन्ही फोटोंत डाव्या डोळ्यात, बाहुलीच्या खाली, एक बारीकसा तपकिरी तीळ होता. पहिल्या खेपेच्या फोटोंत तो फक्त वैष्णवीच्या डोळ्यात होता.

सरांनी दुसऱ्या दिवशी दोघींनाच बोलावून घेतलं. मी काय विचारायचं ते मनात जुळवत होते, पण विचारायची वेळच आली नाही. जान्हवी आत येताच म्हणाली, "मॅडम, काल दोन्ही वेळा वैष्णवी बसली होती."

बोळात ओढण्या बदलून वैष्णवीच परत आत आली होती. माझ्या डोळ्यांदेखत. इतकी वर्षं लोकांची नजर तपासणाऱ्या बाईच्या.

जान्हवी सांगत गेली. निवड चुकवायची नव्हती हे तर होतंच. शिवाय मशिनला काहीतरी चुकीचं दिसतंय आणि एकदा लेझर झालं की सगळं सरळ होईल, असं तिला वाटत होतं. आणि तिसरी गोष्ट तिने खाली बघून सांगितली. तिचं झालं नाही तर वडील वैष्णवीचंही करणार नाहीत, हे तिला माहीत होतं. तिच्यामुळे बहिणीचं राहायला नको होतं. मी वैष्णवीला विचारलं की तू कशी तयार झालीस. ती म्हणाली, जानू रडत होती. बस, तेवढंच. मला ओरडावंसं वाटत होतं आणि दोघींना जवळही घ्यावंसं वाटत होतं. यातलं मी काहीच केलं नाही. जान्हवीला खुर्चीत बसवलं.

ठिपका होता. उजव्या डोळ्यातला तोच तांबूस ठिपका, पहिल्यापेक्षा थोडा मोठा.

सरांनी कागदावर डोळा काढून दाखवला. पडदा एका जागी कमजोर झालाय, म्हणून तिथे पुढे फुगतोय. डोळे चोळल्याने तो आणखी फुगतो. अशा पडद्याला लेझरने तासलं असतं तर तो आणखी पातळ होऊन वेडावाकडा झाला असता आणि मग कुठल्याही चष्म्याने स्वच्छ दिसलं नसतं. जान्हवीने फक्त एवढंच विचारलं की डोळा जाणार का. सर म्हणाले, नाही, वेळेत सापडलंय, वाढ थांबवता येते.

इथपर्यंत वाईट वाटत होतं, पण सगळं समजत होतं. समजेनासं झालं ते पुढे. सरांनी वैष्णवीचंही लेझर नको म्हणून सांगितलं. तिचा पडदा आज उत्तम आहे, सगळी मापं बसतात. पण दोघी एकाच बीजाच्या, आणि हा दोष घराण्यातून येऊ शकतो. तिला उद्या होईल किंवा कधीच होणार नाही. आज सांगता येत नाही, म्हणून आज करायचं नाही, असं सरांचं म्हणणं.

शेठना हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. ते खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "जिचा डोला खराब हाय तिला नको, ह्या मना कलला. पन जिचा चांगला हाय तिला का नको? तिचा काय चुकला?"

मी पुन्हा समजावलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा सांगताना माझ्याच लक्षात आलं की मी गोल गोल फिरतेय. तिच्या डोळ्यात दोष नाही, पण असू शकतो, पण दिसत नाही, म्हणून नको. एखादीच्या बहिणीमुळे तिला नाही म्हणायचं, हे माझ्या तोंडून ऐकायला मलाच विचित्र वाटत होतं. शेठ उठले आणि दोघींना घेऊन गेले.

मग त्यांनी ठाण्या-मुंबईचे दवाखाने पालथे घातले. पंधरवड्याने रिपोर्टांची पिशवी घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. एका ठिकाणी सांगितलं होतं की वैष्णवीचं बिनधास्त करता येईल. दुसऱ्या ठिकाणी, पडद्याला हातच लावू नका, डोळ्याच्या आत एक लेन्स बसवू. तिसऱ्या ठिकाणी, जन्मात काही करू नका, चष्मा काय वाईट आहे? शेठ म्हणाले, यातला खरा डॉक्टर कुठला ते तुम्ही सांगा. मी तो प्रश्न सरांकडे नेला. सर म्हणाले की तिघांपैकी कोणी खोटं बोलत नाहीये, धोका किती ते कोणालाच नेमकं माहीत नाही, ज्याला जेवढा वाटतो तेवढं तो बोलतोय. हे मी शेठना सांगितलं. त्यांनी पिशवीची गाठ मारली आणि म्हणाले, यापेक्षा माहीत नसतं तर बरं होतं.

तोवर जान्हवीचा उपचार झाला. डोळ्यात जीवनसत्त्वाचे थेंब घालत राहून त्यावर एक खास प्रकाश सोडतात, त्याने पडदा कडक होतो आणि फुगायचा थांबतो. नंबर जात नाही, फक्त आहे तिथे राहतो. भिवंडीत हे समजावणं सोपं. मी म्हणायचे, मागावर चढवण्याआधी सायझिंगमध्ये सुताला खळ लावून ताठ करतात ना, तसंच. तिला चार-पाच दिवस खूप दुखलं. डोळा उघडवत नव्हता. वैष्णवी रजा घेऊन घरी बसली, वेळच्या वेळी थेंब घालायची, आणि रात्री झोपेत जान्हवीने डोळा चोळू नये म्हणून तिचा हात धरून झोपायची. हे त्यांच्या आईने मला सांगितलं. जिल्ह्याची निवड त्याच आठवड्यात झाली आणि जान्हवी घरीच होती.

त्यानंतर शेठनी वैष्णवीपुरतं ठरवून टाकलं. ज्यांनी हो म्हटलं होतं त्या दवाखान्यात तारीख घेतली. एकीचं तरी होऊ दे, असं जान्हवीनेच त्यांना सांगितलं होतं म्हणे. सरांनी आपलं मत एकदाच सांगितलं.

त्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडल्यावर दिवे लावत होते तर वैष्णवी दारात उभी. एकटी. वडील तिकडे जायला गाडी काढत होते, ती मागच्या दाराने रिक्षात बसून इकडे आली होती. मला वाटलं तिला काही विचारायचंय, पण ती नुसती बाकावर बसून राहिली. मी तिच्या घरी फोन करून ती इथे आहे एवढं कळवलं. पेशंट यायला लागले, मी कामाला लागले, मध्ये मध्ये बाहेर येऊन बघून गेले. ती तशीच बसलेली. शेवटी मी तिच्या शेजारी बसले.

ती म्हणाली, "मॅडम, मला करायचंय. आधी नव्हतं करायचं, आता करायचंय. पण जानूच्या खुर्चीत मी बसले होते ना, तेव्हापासून मला कळत नाही की माझा रिपोर्ट नक्की माझाच आहे का."

मी म्हटलं, तुझाच आहे, मी स्वतः काढलाय. हे बोलताना मला कळत होतं की ती वेगळंच काहीतरी बोलतेय. मग तिने तो प्रश्न विचारला जो शेवटी सगळेच विचारतात. तुमची मुलगी असती तर काय केलं असतं? या प्रश्नाची माझ्याकडे तयार उत्तरं असायची, माणूस बघून त्यातलं एक द्यायचं. त्या दिवशी एकही तोंडात येईना.

"मला माहीत नाही गं," मी म्हटलं.

ती रागावेल असं मला वाटलं. तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत घातला. वडिलांचा फोन वाजत होता. तो उचलून तिने शांतपणे सांगितलं की आज नको. कधी, ते सांगितलं नाही. कारणही सांगितलं नाही. माझा चहा अर्धा तिला दिला, तो पिऊन ती गेली. सरांना कळवलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. बरं झालं असं ते म्हणाले नाहीत, मीही म्हटलं नाही.

त्यानंतर वैष्णवी दरवर्षी तपासणीला यायची. मी निवृत्त होईपर्यंत तिचा नकाशा मीच काढला आणि प्रत्येक वेळी तो हिरवागार आला. म्हणजे करायला हवं होतं का? की वय वाढेल तसा धोका उतरत जाईल आणि मग करता येईल? की तासलं असतं तरच पडदा बिघडला असता? करून बघितल्याशिवाय कळायचं नाही, आणि केल्यावर परत फिरता यायचं नाही. रिपोर्टवर सही करताना सर दरवर्षी लिहायचे, वर्षाने पुन्हा. जान्हवीचा डोळा खळ लावल्यावर होता तिथेच थांबला. तिला डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स बसवली, त्या लेन्सने नीट दिसतं. जिल्ह्याच्या संघात मात्र ती कधीच गेली नाही. निवडीचं वय आणि वेळ निघून गेली.

गेल्या हिवाळ्यात कशेळीत मुलींचे कबड्डीचे सामने होते. जान्हवी गावातल्या मुलींना शिकवते, तिने आग्रहाने बोलावलं. ती मैदानाच्या कडेला उभी राहून मुलींना सूचना देत होती आणि वैष्णवी टेबलाशी बसून गुण लिहीत होती. मागच्या रस्त्यावरून गोदामांचे ट्रेलर जात होते, धूळ उडत होती. शेठनी स्वतः खुर्ची आणून मला आपल्या शेजारी बसवलं. सरबत झालं, त्यांनी माझ्या सुनेची, नातवाची चौकशी केली. बराच वेळ ते मैदानाकडे बघत राहिले.

मग म्हणाले की लेझरसाठी आलो नसतो तर जान्हवीच्या डोळ्याचं कळलंच नसतं, तेवढं बरं झालं. मी हो म्हटलं. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "पन वैष्णवीचा बरोबर झाला का चूक झाला?"

इतक्या वर्षांनी ते हे विचारतील असं मला वाटलं नव्हतं. 

"दादा, मलाही अजून कळलेलं नाही."

त्यांनी मान डोलावली. चेहरा एकदम सैल झाला, खुर्चीत मागे टेकले.

"मना वाटला," ते म्हणाले, "मना एकल्यालाच कलत न्हाय."